चि. ब. स.

२ जानेवारी

निर्णय झाला. घड्याळ बदलायचं.

कारण लिहून ठेवतो. आज नव्या साहेबांची पहिली मीटिंग होती. विमा कंपनीतल्या आमच्या क्लेम्स विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी आहे आणि ती कोणाला द्यायची, हे साहेब महिनाभर सगळ्यांना पारखून ठरवणार आहेत. सीनियर मीच आहे, त्यामुळे ही नुसती औपचारिकता. तरी मी डावा हात टेबलावर नीट दिसेल असा ठेवला होता. साहेबांचं लक्ष माझ्या घड्याळाकडे गेलंच. म्हणाले, केवढं मोठं आहे हो, पाण्यात चालतं का? मी म्हटलं, सर, तीनशे मीटर खोल. म्हणाले, तुम्ही जाता? मी म्हटलं, मला पोहता येत नाही. सगळे हसले. सगळ्यांत शेवटपर्यंत होयबा हसला. होयबा म्हणजे माझा ज्युनियर. साहेब शिंकले तरी हा होय सर म्हणतो.

साहेबांच्या हातात मात्र पातळ, जुनं, चावीचं घड्याळ. काच पिवळट, पट्टा साधा. तेव्हाच उमगलं. या माणसाला चकचकाट चालत नाही. याला क्लास लागतो. व्हिंटेज लागतं.

माझं घड्याळ वाईट आहे असं नाही. स्टील, निळी डायल, ऑटोमॅटिक. हातात घातलं की खांदा खाली जातो. पन्नाशीला बायकोने दिलं. आजारी अण्णांचं करायला म्हणून तिने नोकरी सोडली, तेव्हा जे पैसे हातात आले त्यातून घेतलं. माझा काही आग्रह नव्हता. कॅटलॉग फक्त मी त्या पानावर उघडा ठेवायचो.

४ जानेवारी, सकाळ

अभ्यास सुरू. ऑटोमॅटिक घड्याळ हात हलला की चालतं. म्हणजे मालक ठोंब्या असला तरी चालतं. चावीच्या घड्याळाला मात्र रोज माणूस लागतो. सकाळी उठून दोन बोटांत कळ धरायची, हळूहळू फिरवायची, ताण जाणवला की थांबायचं. एका जाणकाराने लिहिलंय की रोज चावी देणं ही एक प्रकारची सेवा आहे, त्यातून माणूस हळवा होतो. वाचताना अंगावर काटा आला.

नेमका तेव्हाच आतून अण्णांचा आवाज. चावी. चावी. चावी. तंद्री मोडली. उठून दार लावून घेतलं.

अण्णा म्हणजे वडील. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एवढा एकच शब्द उरला. डॉक्टर म्हणतात, मेंदू कधी कधी एखादाच शब्द धरून बसतो. दुसरा शब्द आला की पुढचे येतील. पूर्वी अण्णा मला चारचौघांत बंडू म्हणायचे. क्लेम्सचा सीनियर मॅनेजर, आणि बंडू! तेवढा एक फायदा झाला म्हणायचा.

७ जानेवारी

जुन्या घड्याळांच्या दुकानात गेलो. मालक एका डोळ्याला भिंग लावूनच बोलतो. माझ्याकडे बघतोय की घड्याळाकडे, पत्ता लागत नाही. भिंगवाला.

माझं घड्याळ त्याने वजन करावं तसं तळहातावर घेतलं. म्हणाला, साहेब, असली रोज येतात. लोक हौसेने घेतात आणि कंटाळून विकतात. जुनं मात्र सहजासहजी येत नाही. ते घरातलं माणूस जातं तेव्हा येतं. चांगला पीस आला की फोन करतो, घड्याळाला घड्याळ, सरळ अदलाबदल करू.

बोलणं कडू वाटलं, पण माणूस जाणता आहे. माझ्याशी बोलताना बरोबरीच्या नात्याने बोलत होता.

११ जानेवारी

आता मात्र अण्णांच्या चावीचा अर्थ लागला. इतकी वर्षं क्लेम्समध्ये आहे, खोटं मला दुरून कळतं.

चावी म्हणताना ते कपाटाकडे बघतात. डावा हात कपाटाकडे नेतात. कपाटात घराचे कागद आहेत. म्हणजे कागद पाहिजेत. कागद कशाला पाहिजेत? बदलायला. ताईने फोनवरून कान भरले असणार. बायको म्हणाली, अहो, त्यांना सही करता येत नाही, स्वतःहून उठून बसता येत नाही, कागद कसले बदलतात? मी म्हटलं, तू भोळी आहेस.

कपाटाची चावी खिळ्यावरून काढली आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. अण्णांसमोर उभा राहून शर्टाचं वरचं बटण उघडून दाखवली. म्हटलं, ही बघा चावी, आता ही कुणालाही मिळणार नाही. तर माझ्याकडे बघून रडायला लागले. गुन्हा कबूल केल्यासारखंच झालं.

१५ जानेवारी, दुपारी

खात्री करून घ्यावी म्हणून कपाट उघडलं. कागद जागच्या जागी. बाकी हॉस्पिटलमधून आणलेली पिशवी, तशीच बांधलेली. त्यात अण्णांचा चष्मा, कवळीची डबी आणि त्यांचं जुनं घड्याळ. बंद. काचेला तडा, पट्टा घामाने काळा पडलेला. हॉस्पिटलात हातातून काढलं ते तसंच पडून होतं. झटका येईपर्यंत अण्णा रोज सकाळी त्याला चावी द्यायचे. आंघोळीआधी. त्यांचं ते करकर ऐकून मला जाग यायची आणि दिवस खराब जायचा.

मला नोकरी लागली तेव्हा अण्णा हेच डबडं मला देत होते. काहीतरी करूनही आणलं होतं त्यावर, त्याची पाठ दाखवत होते. मी घाईत होतो. म्हटलं, अण्णा, रोज चावी द्यायला वेळ कुणाला आहे? आणि सेलवर चालणारं घेतलं. काळाच्या पुढे होतो, दुसरं काय.

अण्णांसाठी ठेवलेला ब्रदर उद्यापासून येणार नाही, त्याला हॉस्पिटलात कायमची नोकरी लागली. अण्णांना उठवणं, बसवणं सगळं तोच करायचा. काहीतरी द्यायला हवं होतं. ते घड्याळच दिलं. मागे सरकला. म्हणाला, साहेब, बाबांच्या हातातलं आहे. मी म्हटलं, बाबांना आता वेळ बघून कुठे जायचंय? तरी घेईना. शेवटी खिशात कोंबलं आणि म्हटलं, नको असेल तर विकून टाक, आणि भिंगवाल्याच्या दुकानाचा पत्ताही दिला. माणसाने दिलदार असावं.

अण्णा पलंगावरून उघड्या दारातून बघत होते. चावी, चावी. मी गळ्यावर हात ठेवून बाहेर पडलो.

१७ जानेवारी

ऑफिसात एक म्हातारा शिंपी आला होता. दुकान जळालं, क्लेम पाहिजे. मशिनांची बिलं मागितली. म्हणाला, बिलं दुकानातच होती. मी म्हटलं, मग मशिनं होती कशावरून? गप्प बसला. बोलता येईना त्याला. खोटं पकडलं की माणूस असाच गप्प होतो.

होयबाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, जळक्या मशिनांवरचे नंबर कसे शोधायचे ते समजावत बसला. अशाने लोक सोकावतात. साहेब काचेच्या केबिनमधून बघत होते. माझा ताठपणा आणि त्याचा लोचटपणा, दोन्ही एकाच वेळी दिसलं असणार. साहेबांनी ती फाईल मागवली. नमुना म्हणून ठेवणार असतील.

२२ जानेवारी, सकाळ

फेरविचार. घड्याळ बदलायचं नाही. बायकोने दिलंय. त्यात भावना आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बदलायचं. भावना मनात असतात, मनगटावर नसतात. शिवाय आज लिफ्टमध्ये साहेबांनी होयबाला विचारलं की वडील कसे आहेत. होयबाच्या वडिलांचं काय घेऊन बसले कोण जाणे. मी मुद्दाम कफ वर सारला. साहेबांनी निळी डायल पाहिली आणि नजर लिफ्टच्या आकड्यांकडे वळवली. एवढ्या एका घड्याळापायी माझी खुर्ची जायला नको.

बायकोला सांगायचं नाही. बायकांना घड्याळातलं काय कळतं?

२७ जानेवारी

भिंगवाल्याचा फोन. पीस आला! ऑफिसातून डोकं दुखतंय सांगून निघालो.

पातळ, सोनेरी कडा, आकडे हाताने काढल्यासारखे, सेकंदाचा काटा खाली छोट्या वर्तुळात वेगळा. काच नवी, पट्टा नवा, कडा घासून लखलखीत. पाहताक्षणी वाटलं, हे मी ओळखतो. जन्मजन्मांतरीची ओळख असावी तसं. अस्सल वस्तू जातिवंत नजरेला अशीच ओळख देते.

भिंगवाला म्हणाला, चांगल्या घरातलं आहे. मालक अंथरुणाला खिळलेत, घरच्यांना किंमत नाही, नोकरमाणसाला देऊन टाकलं. मी म्हटलं, काय एकेक माणसं असतात! तो म्हणाला, असतात साहेब, त्यांच्यावरच आमचं दुकान चालतं. दोघंही हसलो.

पाठीवर काहीतरी कोरलंय. झिजलंय. आधी ‘चि.’ मग ‘ब’, मग पुसट, मग ‘स’. मी क्लेम्सचा माणूस, तिथल्या तिथे उलगडा केला. चि. ब. स. मालकाची आद्याक्षरं. चि म्हणजे चिंतामणराव असणार. वडील ब वरून, आडनाव स वरून. बहुतेक सरदार घराणं. ब च्या डोक्यावर एक टिंब आहे, तो ओरखडा असावा. भिंगवाल्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही म्हणता तसंच असेल.

२८ जानेवारी

अदलाबदल झाली. माझं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं तेव्हा मनगटाला गार लागलं. पांढरा पट्टा उमटलाय कातडीवर. नवं, म्हणजे जुनं, त्या पट्ट्यात हरवल्यासारखं दिसतं. काही दिवसांत रंग एक होईल. तोवर फुल शर्ट.

घरी बायकोने विचारलं, घरात कफ लावून का बसलात? म्हटलं, थंडी वाजते. तिने पंखा बंद केला. रात्रभर घामाने भिजलो.

२९ जानेवारी

आज इतिहास घडला.

मीटिंग संपल्यावर साहेबांसमोर कफ सोडला, घड्याळ काढलं आणि त्यांच्या देखत चावी दिली. साहेब थांबले. म्हणाले, अरे वा, कुठलं? पाठ करून ठेवलं होतं ते बोललो. आवाज जरा घोगरा ठेवला. म्हटलं, सर, आमच्या वडिलांचं.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, माझंही वडिलांचं. ते गेले तेव्हा हातात चालू होतं, मी अजून एकही दिवस बंद पडू दिलं नाही. मग विचारलं, तुमचे वडील आहेत? म्हटलं, आहेत सर, पण अंथरुणाला. मग हे तुमच्याकडे कसं? जरा अडखळलो, पण मुरलेला माणूस मी. म्हटलं, त्यांनीच आपल्या हाताने माझ्या हातात घातलं सर. म्हणाले, बंडू, आता तू सांभाळ.

बंडू हा शब्द उगाच तोंडातून गेला. पण परिणाम झाला. साहेब म्हणाले, मला त्यांना भेटायचंय. रविवारी येतो.

अण्णांना बोलता येत नाही हे केवढं सोयीचं! जगात एकच माणूस मला खोटं पाडू शकला असता आणि त्याच्याकडे शब्दच नाही.

१ फेब्रुवारी

बायकोला कळलं. आंघोळीला जाताना घड्याळ बेसिनवर राहिलं. बाहेर आलो तर हातात घेऊन उभी. उलटं केलं, पाठ वाचली, परत सुलटं केलं. विचारलं, हे कुठून आलं? म्हटलं, दुकानातून. माझं कुठंय? म्हटलं, त्याच्या बदल्यात हे घेतलं, हे कुणा चिंतामणरावांचं आहे, तुला सांगून समजणार नाही. मग विचारलं, कपाटातल्या पिशवीत अण्णांचं घड्याळ होतं ते? म्हटलं, ते डबडं ब्रदरला दिलं.

ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. अशी हसताना तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं रागावेल. व्हिंटेज गोष्टीतली मजा तिलाही कळायला लागली म्हणायची.

म्हटलं, उद्या साहेब येणार आहेत अण्णांना भेटायला, त्यांच्यासमोर हे अण्णांचंच आहे असं म्हणायचं, तेवढं सांभाळून घे. पुन्हा हसू लागली. म्हणाली, येऊ द्या साहेबांना. मी एक शब्द खोटं बोलणार नाही.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी

साहेब आले. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

अण्णांना स्वच्छ शर्ट घालून उशीला टेकवून बसवलं होतं. मी बाजूला उभा, घड्याळाचा हात पुढे. साहेबांनी नमस्कार केला. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मनगटाकडे पाहिलं. आणि डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की सुटेना. चावी. चावी. चावी.

मी हसून साहेबांना समजावलं. सर, यांना कपाटाची चावी लागते, भ्रम झालाय, मी ती गळ्यात ठेवतो. दोरा ओढून दाखवलीसुद्धा. साहेब माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, अहो, ते घड्याळाला चावी द्या म्हणताहेत.

बायकोने तोंडावर हात ठेवला. तिलाही हे सुचलं नव्हतं, हे नमूद करून ठेवतो. एकट्या माझी चूक नाही.

साहेब पलंगावर बसले. माझ्या हातातलं घड्याळ सोडवलं, चावी दिली आणि अण्णांच्या कानाला लावलं. अण्णांनी डोळे मिटले. त्या तोंडातून शब्द यायचा थांबला. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा.

मग साहेबांनी घड्याळ उजेडाकडे तिरकं धरून पाठ वाचली. चि. बंडूस. म्हणाले, चिरंजीव बंडूस. वा. बंडू म्हणजे तुम्हीच ना? मी मान हलवली. तो ओरखडा नव्हता, अनुस्वार होता. एवढ्या अनुभवी माणसाची एका टिंबाने फसगत व्हावी!

बायको म्हणाली, हेच ते बंडू. नोकरी लागली तेव्हा अण्णांनी नाव घालून आणलं होतं, यांनी घेतलं नाही. मला अण्णांनी कितीदा दाखवलंय. गेल्या महिन्यात यांनी ते ब्रदरला देऊन टाकलं, त्याने दुकानात विकलं आणि मी दिलेलं घड्याळ देऊन यांनी ते परत आणलं. चिंतामणरावांचं म्हणून.

साहेबांना समजायला जरा वेळ लागला. मग म्हणाले, म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत, आणि ते खरं निघालं. मी म्हटलं, अगदी बरोबर, सर. मालकीचा लेखी पुरावा आहे.

साहेबांनी घड्याळ अण्णांच्या मनगटावर बांधलं. चहा न घेता गेले. दारात एवढंच म्हणाले, त्या शिंप्याने मशिनांचे नंबर शोधून आणले. घरी जरा लक्ष द्या.

एकंदरीत भेट चांगली झाली. वडिलांचं घड्याळ हा माझा दावा पुराव्यानिशी सिद्ध झाला.

३ फेब्रुवारी

होयबा प्रमुख.

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, या खुर्चीवर समोरच्याचं ऐकणारा माणूस पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. किती वेळ वाजवत होतो कोण जाणे, हातात घड्याळ नव्हतं.

४ फेब्रुवारी

भिंगवाल्याकडे गेलो. माझं निळं घड्याळ गेलं. कोणी घेतलं विचारलं. म्हणाला, एकाने वडिलांना द्यायला नेलं. मला वाटतं टोमणा मारला, पण भिंगामुळे काही कळत नाही.

घरी वेळ बघायची तर अण्णांच्या खोलीत जावं लागतं. बायको रोज सकाळी त्यांचं मनगट मांडीवर घेऊन चावी देते आणि ते तिच्याकडे बघत असतात. दोघं काही बोलत नाहीत. मी दारात उभा राहतो, वाजले किती विचारतो. ती सांगते. कधी कधी सांगत नाही.

कपाटाची चावी परत खिळ्यावर टांगली. कुणी मागत नाही.

७ फेब्रुवारी

ठराव. उद्यापासून घड्याळाला चावी मी देणार. नाव माझं आहे त्यावर. शिवाय हळूहळू सवय झाली की अण्णा स्वतःच काढून देतील. जाणकाराने लिहिलंच आहे की या सेवेतून माणूस हळवा होतो. अण्णाही होतील. मग ते घड्याळ ऑफिसात घालता येईल. साहेबांना दिसलं की पुढच्या बढतीचं बघू.

८ फेब्रुवारी, सकाळ

ठराव अमलात आणला. आंघोळ करून गेलो. पलंगावर बसलो, बायको बसते तिथेच. दोन बोटं पुढे केली.

अण्णांनी हात चादरीखाली घेतला. माझ्याकडे नीट पाहिलं. तोंड वाकडंतिकडं झालं, बराच वेळ जुळवाजुळव चालली आणि मग स्वच्छ आवाजात म्हणाले, बंडू नको.

डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, नाव आठवलं, नकार आठवला आणि दोन्ही एकमेकांना जोडले, याला वाक्य म्हणतात. पुढचं सगळं येईल आता. अभिनंदन.